कोरडं राहिलेलं पुस्तक

महाडच्या बाजारपेठेत हार्डवेअरच्या एका दुकानावर, पत्र्याच्या छपराखाली, दर रविवारी सकाळी एक छोटी ख्रिस्ती मंडळी जमते. निळ्या प्लास्टिकच्या चाळीसेक खुर्च्या, एक ढोलकी, एक माइक, एवढाच संसार. गाणी झाली की कुणीतरी उभं राहून साक्ष देतं, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगतं. कुणाचा ताप उतरलेला असतो, कुणाच्या मुलाला एमआयडीसीत काम लागलेलं असतं. पण गोदूबाई उभ्या राहिल्या की बाकीच्या साक्षी फिक्या पडायच्या.

गोदूबाई साठीच्या. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात वसलेल्या कोंडमाळ वाडीतल्या. उमेदीची वर्षं विक्रोळीत धुणीभांडी करण्यात गेली. नवरा रामा दारूच्या पायी वाया गेलेला. शेजारणीने एकदा प्रार्थनेला नेलं, मग रामालाही ओढून नेलं, आणि काय झालं कोण जाणे, सहा महिन्यांत त्याची बाटली सुटली. ती कशाने सुटली यावर ज्यांना वाद घालायचा त्यांनी खुशाल घालावा. पण ज्या बाईने वीस वर्षं मार खाल्ला आणि नंतर नऊ वर्षं त्याच नवऱ्याच्या हातचा सकाळचा चहा घेतला, तिच्यापुढे बसून कोण वाद घालणार? रामा गेल्यावर त्या वाडीत परतल्या त्या कापडी पिशवीत शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, जाड पुस्तक घेऊनच.

त्यांची साक्ष अशी होती. सन एकवीसचा जुलै, चार दिवस पावसाने उसंत घेतलेली नाही. दुपारचे चार वाजलेले. प्रभूने त्यांना हाक मारली, "गोदू, ऊठ, बाहेर पड." त्या पळाल्या आणि मागे डोंगर खाली आला. बारा घरं गाडली गेली. तिसऱ्या दिवशी त्या चिखलातून त्यांचं शास्त्राचं पुस्तक निघालं, आणि त्याचं एक पानसुद्धा भिजलं नव्हतं. इथे त्या पुस्तक वर धरायच्या. बायका डोळे पुसायच्या. मग पास्टर हर्षद माइक घेऊन म्हणायचे, "ज्यांनी दगडावर भरवसा ठेवला ते दगडाखाली गेले. जिने वचनावर ठेवला ती आज आपल्यासमोर उभी आहे." आणि पत्र्याला हादरा बसेल एवढा हालेलुयाचा गजर व्हायचा.

पहिल्यांदा ते वाक्य ऐकलं तेव्हा गोदूबाईंनी वर धरलेलं पुस्तक खाली घेतलं. दगडाखाली गेलेल्यांत त्यांची चुलत जाऊ होती, त्या मुंबईहून परतल्यावर जिने पहिले दोन महिने त्यांना ताट वाढलं होतं. पण माणसाला कशाचीही सवय होते. वर्षभरात ते वाक्य त्या स्वतःच म्हणू लागल्या.

खरं काय झालं होतं? हाक कुशाबाने मारली होती. हा त्यांचा शेजारी, थट्टेखोर, विठोबाचा माळकरी. वरच्या बांधाला भेग पडलेली त्याने पाहिली आणि तो दारोदार ओरडत सुटला. गोदूबाईंना त्याने दंडाला धरून बाहेर काढलं, आणि तो त्यांच्यासोबत खालच्या शाळेच्या वाटेला लागला. अर्ध्या वाटेत गोदूबाईंना आठवण झाली. "भावजी, माझी पिशवी राहिली." त्याने एकवार वर बघितलं आणि मागे फिरला. तो परत आला नाही.

तिसऱ्या दिवशी शोधपथकातला एक परमुलखाचा जवान शाळेत पिशवी घेऊन आला. आतल्या नावावरून त्याने गोदूबाईंना शोधून काढलं. मोडक्यातोडक्या मराठीत त्याने सांगितलं, की एका माणसाच्या रेनकोटच्या आत, छातीशी घट्ट आवळलेली ही पिशवी होती, म्हणून भिजली नाही. पुस्तक कोरडं राहिलं ते असं. पथक दुसऱ्या दिवशी निघून गेलं, आणि ही गोष्ट माहीत असलेलं वाडीत एकच माणूस उरलं.

कुशाबाचं प्रेत सापडलं ते त्याच्याच गोठ्याजवळ, कारण गोदूबाईंच्या घराची वाट गोठ्यावरूनच जायची. त्यामुळे लोकांनी आपोआप ठरवून टाकलं, की कुशाबा म्हशीपायी गेला.

गोदूबाईंनी हे लपवून ठेवलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांनी पास्टरना सगळं सांगितलं होतं, अगदी रडून. पास्टर हर्षद तिशीचे, पनवेलकडचे, मनाने वाईट मुळीच नाहीत. दरडीनंतर त्यांनी स्वतःच्या पाठीवरून तांदळाची पोती आणि ताडपत्र्या वाडीत पोहोचवल्या, देताना कुणाची जात विचारली नाही की धर्म. ते म्हणाले, "मावशी, तुम्ही पश्चात्ताप केलात, प्रभूने क्षमा केली, विषय संपला. आता मागे वळून बघणं हा अविश्वास आहे. आणि साक्षीत ते सगळं नको. ऐकणारे गोंधळतील. महिमा देवाचा व्हायला हवा, माणसाचा नको."

ही सोय फार गोड होती. गोदूबाईंनी ती घेतली, आणि आपण कुणीही घेतली असती. रात्रीची झोप परत आली, अंगावर थोडं मांस आलं, रोहा-माणगावपर्यंत साक्षीला बोलावणी येऊ लागली, साक्षीचा व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागला. देव क्षमा करतो यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. फक्त या सगळ्या व्यवहारात कुशाबाची बायको कुठे बसते, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही विचारून घेतलं नाही.

ती बायको म्हणजे मैना. दरड कोसळली तेव्हा ती ठाण्याला होती, मुलीच्या, श्रुतिकाच्या बाळंतपणाला. आता ती एकटीच पोलादपूरला भाड्याच्या खोलीत राहत होती. गेल्या फेब्रुवारीत एका गुरुवारी ती, दरडीनंतर महाडला राहायला आलेल्या गोदूबाईंच्या दारात येऊन उभी राहिली. कळलं हिला, त्यांना वाटलं.

मैना आत येऊन भिंतीला टेकून बसली. पाणी प्याली. म्हणाली, "श्रुतिकाच्या मोबाइलवर तुझी गोष्ट बघितली गो. तुझा देव माफी देतो म्हनं."

गोदूबाईंनी पाण्याचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

"त्या दिशी सकालला मी फोन केलावता त्याला. म्हैस गाभन व्हती. मी बोलले, म्हशीकडं बघा, तिला काय झालं तर तोंड दाखवू नका. असंच बोलले, चेष्टेत." मैनेने पदर तोंडाला लावला. "म्हनून तो गेला गोठ्यात. माझ्यापायी गेला. साडेतीन वर्सं मला झोप नाय. आमच्या विठोबाफुडं बोलाय तोंड व्हत नाय, तो त्याचा देव. तू माग ना तुझ्या देवाकडं माझ्यासाठी माफी."

हीच वेळ होती. खोलीत तिसरं माणूस नव्हतं. एवढंच सांगायचं होतं, की मैने, तो म्हशीकडे गेलाच नव्हता. गोदूबाईंनी तोंड उघडलंसुद्धा. पण तोंडातून आली ती प्रार्थना, कारण एवढ्या वर्षांत तोंडाला तेच वळण पडलं होतं. मैनेच्या डोक्यावर हात ठेवून, डोळे मिटून त्या म्हणाल्या, "हे प्रभू, या बहिणीच्या पापाची क्षमा कर."

मैना हलकी होऊन गेली. गोदूबाई मात्र दार लावून कितीतरी वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसल्या. स्वतःची त्यांना किळस आली. चोरी आपण केली आणि जिच्या घरी केली तिलाच आपण माफी देऊन पाठवलं.

शनिवारी त्या पास्टरकडे गेल्या. त्यांना वाटलं होतं, ऐकून तेही हादरतील. पास्टरचा चेहरा उजळला. "बघा मावशी, त्या माणसाच्या मरणातूनही प्रभूने एक आत्मा आणला. उद्या त्यांना घेऊन या. तुमची साक्ष ठेवू."

"पन ती समजतेय ते खोटं हाय, पास्टर."

"आधी विश्वासात येऊ दे. खरं-खोटं पुढे प्रभूच उलगडेल."

गोदूबाईंनी पास्टरचं बोलणं आजवर कधी खाली पडू दिलं नव्हतं. त्या दिवशी जिना उतरताना मात्र त्यांना पहिल्यांदा राग आला, आणि पास्टरपेक्षा जास्त स्वतःचा आला. साडेतीन वर्षं आपण देवाच्या नावाआड उभ्या होतो. त्याचा आडोसा इतका मोठा होता, की आपण लपलोय हेच आपल्याला दिसलं नाही. आणि खरं सांगितलं तर काय काय जाईल याचा हिशेबही त्यांच्या मनात झाला. मंडळीतला मान जाईल, मैना तोंड बघणार नाही, वाडीत पाय ठेवता येणार नाही. न सांगावं तर मैना मरेपर्यंत म्हशीचा तो फोन उरावर वागवील.

रविवारी गोदूबाईंच्या निरोपावरून आलेली मैना तिसऱ्या रांगेत बसली होती, नवं लुगडं नेसून, चपला खुर्चीखाली नीट जोडून. गाणी झाली. पास्टरनी नाव पुकारलं. गोदूबाई माइकशी गेल्या.

"सन एकवीसचा जुलै," त्यांनी सुरुवात केली, आणि थांबल्या. मग मैनेकडे बघून बोलू लागल्या. "हाक प्रभूनं नाय मारली. कुशाबानं मारली. माझा दंड धरून त्यानं मला भाईर काढली. मी त्याला बोलले, पिशवी राहिली. मी पाठवला त्याला माघारी, या पुस्तकासाठी. त्याच्या रेनकोटात सापडलं हे, छातीशी. तो म्हशीकडं गेला नव्हता, मैने. तुझा फोन नव्हता. मी व्हते."

मग मागून एक बाई हळूच म्हणाली, "आमेन." दुसरी म्हणाली, "प्रभूची स्तुती असो." पास्टरनी डोळे पुसत माइक घेतला. त्यांचे अश्रू खरे होते, हेच तर अवघड होतं. "आज प्रभूने आपल्या बहिणीला या ओझ्यातून मोकळं केलं," ते म्हणाले, आणि टाळ्या सुरू झाल्या. बघता बघता कबुलीची साक्ष झाली, पहिलीपेक्षाही रंगलेली. गोदूबाई टाळ्यांत उभ्या राहिल्या आणि त्यांना वाटलं, या छपराखाली काहीही बोललं तरी त्याचं गाणंच होतं.

मैना उठली. चपला हातात घेऊन जिन्याकडे गेली. गोदूबाई पुस्तक तिथेच खुर्चीवर ठेवून मागोमाग गेल्या.

मैना जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली होती. वर गाणं सुरू झालं होतं, खाली दुकानदार शटर उघडत होता. गोदूबाई दोन पायऱ्या सोडून खाली बसल्या. मैनेने विचारलं, "काय बोलला तो? माघारी फिरताना."

"हसला. बोलला, तुझा देव पावसात भिजतोय गो, त्याला आनतो."

मैनेच्या तोंडून हुंदका आला की हसू, ते कळलं नाही. "असाच बोलायचा तो," ती म्हणाली. मग तिने अंग सोडून रडून घेतलं. गोदूबाईंनी तिला हात लावला नाही. तो हक्क आपला नाही एवढं त्यांना कळलं होतं.

डोळे पुसून झाल्यावर मैनेने त्यांच्याकडे सरळ बघितलं. "तुझ्या देवानं तुला माफ केलं?"

"पास्टर तसं बोलले."

"माझा मानूस गेला. मग माफ करताना मला कोनी इचारलं काय गो?"

गोदूबाईंनी मान खाली घातली. "नाय इचारलं," त्या म्हणाल्या.

"मग इचार."

गोदूबाईंनी विचारलं. वर गाण्याचं शेवटचं कडवं चाललं होतं, त्यामुळे दोनदा विचारावं लागलं. मैना रस्त्याकडे बघत म्हणाली, "आज नाय." मग पायात चपला सरकवून ती पोलादपूरच्या बसला निघाली.