लिफ्टजवळचा दिनविशेष

माझे सासरे नाशिकच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गाड्या सोडणं हे त्यांचं नोकरीतलं काम. चौकशीच्या खिडकीशेजारच्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहिणं हे त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं काम. आज कोणता तह झाला, कुठला शोध लागला, कोणता नट जन्मला, कोणत्या गोलंदाजानं डावात किती बळी घेतले, असं पाच-सहा ओळींत. सिन्नरची गाडी उशिरा आली की लोक तो फळा वाचत उभे राहत आणि भांडायला थोडे कमी येत, असं ते अजूनही सांगतात. निवृत्तीनंतर त्यांनी हाच उद्योग सोसायटीच्या गेटवर सुरू केला. त्यासाठी त्यांच्याकडे एक जाडजूड वही आहे. तारखेला एक पान, अशी तीनशे सहासष्ट पानं, आणि त्यात कात्रणं चिकटवून चिकटवून ती वही आता मिटत नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी ते आमच्याकडे दोहाला आले ते एकटेच. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी पुण्याला अडकल्या होत्या. बाबांच्या बॅगेत चार कपडे, थालीपीठाची भाजणी आणि ती वही.

आमचं घर नजमामधल्या एका जुन्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर. नवरा दुखानला तेलाच्या कंपनीत, तो पहाटे पाचला गाडी घेऊन निघतो. मी लुसैलला एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंगचं काम करते, माझी मेट्रो पावणेसातची. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच देते. बाबा तिला विचारायचे, "आज शाळेत काय शिकवलं?" ती म्हणायची, "नथिंग मच." संभाषण तिथंच खलास. पहिल्या आठवड्यात दोघं एकमेकांशी पाहुण्यांसारखी वागत होती. बाबा दिवसभर घरात बसून कंटाळत आणि संध्याकाळी मला मेट्रोच्या वेळापत्रकावर प्रश्न विचारत.

मग त्यांना लिफ्टजवळचा पांढरा बोर्ड दिसला. त्यावर पाण्याची टाकी धुण्याची एक जुनी नोटीस होती, बाकी बोर्ड कोरा. बाबांनी सरळ जाऊन हारिसला, म्हणजे आमच्या इमारतीच्या रखवालदाराला, गाठलं. हा मूळचा बांगलादेशचा, पन्नाशी ओलांडलेला, सगळ्यांच्या पार्सलांवर आणि भांडणांवर लक्ष ठेवणारा माणूस. बाबांचं हिंदी एसटीचं. "इधर मैं रोज कुछ लिखेगा, चलेगा क्या?" असं त्यांनी विचारलं म्हणे. हारिसनं त्यांना मार्करच आणून दिला.

पहिल्या दिवशी बाबांनी मराठीत लिहिलं. इमारतीत मराठी आम्हीच. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला इंग्रजी करून मागितलं. तिनं नाखुशीनं केलं, तिसऱ्या दिवशी कमी नाखुशीनं, आणि पुढच्या आठवड्यात ती शाळेची बस यायच्या अर्धा तास आधी तयार होऊन खाली उतरू लागली. मी पाच वर्षं तिला सकाळी वेळेवर उठवू शकले नव्हते.

त्यांचं भांडण मात्र रोज व्हायचं, विषय ठरलेला. वाढदिवस कोणाचा लिहायचा? बाबांच्या वहीत जुने संगीत नाटकातले गायक नट, कुस्तीगीर, स्वातंत्र्यसैनिक. ती म्हणायची, "आजोबा, नोबडी नोज हिम." आणि फोनवरून कुठल्यातरी कोरियन गायकाचं नाव काढायची. बाबा म्हणायचे, हा पोरगा अजून पंचविशीत आहे, यानं असं काय केलं? शेवटी तोडगा निघाला. एक नाव त्यांचं, एक तिचं, आणि प्रत्येकानं आपल्या माणसाबद्दल दुसऱ्याला समजावून सांगायचं. त्या निमित्तानं मुलीला कळलं की पूर्वी नाटकात बायकांची कामं पुरुष नऊवारी नेसून करायचे, आणि बाबांना एका कोरियन बँडमधल्या सातही जणांची नावं पाठ झाली. ती समजावताना मराठीत बोलू लागली, कारण आजोबांना पटवायचं तर इंग्रजी उपयोगाचं नव्हतं. तिचं मराठी म्हणजे क्रियापदाची आणि लिंगाची नुसती दाणादाण, पण बाबा एकदाही हसले नाहीत. मी हसले, तर त्यांनी मला डोळ्यांनी दटावलं.

इमारतीतले लोकही थांबून वाचू लागले. चौथ्या मजल्यावरच्या फिलिपिनो नर्सनं आपल्या देशातल्या एका बॉक्सरची तारीख आणून दिली. दुसऱ्या मजल्यावरच्या केरळच्या काकांनी स्पेलिंगची चूक काढली आणि पुढं रोज चूक सापडते का ते बघायला येऊ लागले.

डिसेंबर लागला तसा हारिस बाबांच्या मागे लागला. सोळा तारखेला आमचा विजयदिन, तो मोठ्या अक्षरात लिहायचा. बाबांच्या वहीतही त्या पानावर तेच ठळक होतं. एकाहत्तर सालचं युद्ध संपलं, ढाक्यात शरणागती झाली, बांगलादेश स्वतंत्र झाला. मुलीनं शाळेतून आणखी एक ओळ आणली होती, अमेरिकेत त्याच तारखेला लोकांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या होत्या.

सोळा तारखेला सकाळी मी ऑफिसला निघाले आणि लिफ्टमधून बाहेर पडल्यावर बोर्ड पाहिला. हारिसनं हिरवा आणि लाल मार्कर कुठूनतरी पैदा केला होता. वरची ओळ अर्धा बोर्ड व्यापून होती. खाली मुलीच्या गोल अक्षरात, भारत जिंकला, पाकिस्तान हरला, असं इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं. तिच्या दृष्टीनं तो एक निकाल होता, क्रिकेटच्या सामन्यासारखा.

तिसऱ्या मजल्यावर लाहोरचं कुटुंब राहतं. त्यातले काका एका दुकानाचे हिशेब बघतात, साठी गाठलेली, अतिशय अदबशीर माणूस. ईदला त्यांच्याकडून शेवया येतात, दिवाळीला आमच्याकडून चकल्या जातात. हारिस आणि ते रोज बरोबर नमाजाला जातात. बाबा बोर्डाशेजारीच उभे होते, मी त्यांना म्हटलं, ही खालची ओळ आधी पुसा. बाबा म्हणाले, खोटं काय लिहिलंय त्यात? मी म्हटलं, खोटं नाही, पण आपण इथं सगळे एका छपराखाली राहतो. मुलगी दोघांकडे बघत डस्टर हातात धरून उभी होती. तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि काका बाहेर आले.

त्यांनी सगळा बोर्ड वाचला. चहाच्या पेट्यांची ओळसुद्धा. हारिस खुर्चीवरून उठून उभा राहिला. मी काहीतरी बोलायचं म्हणून, मुलीनं लिहिलंय, लहान आहे, असं पुटपुटले. काकांनी मान हलवली आणि बाबांकडे वळून उर्दूत म्हणाले, "आज माझा वाढदिवस आहे."

पुढचं त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं, घाई न करता. त्या दिवशी ते नऊ वर्षांचे झाले होते. वडील फौजेत कारकून, ढाक्यात. आईनं दुपारी रव्याचा हलवा करून ठेवला होता, संध्याकाळी गल्लीतली मुलं येणार होती. मुलांऐवजी शेजारच्या बायका आल्या, कारण रेडिओवर बातमी आली होती. हलवा तसाच राहिला. वडील कुठं आहेत हे कळायला कित्येक आठवडे गेले, आणि ते हिंदुस्थानातल्या कँपातून घरी यायला दोन वर्षांच्या वर. मधल्या दोन वाढदिवसांचा घरात कोणी विषयच काढला नाही. परत आल्यावर वडिलांनी ठरवून टाकलं, याचा वाढदिवस आपण सतराला करायचा. तेव्हापासून सतराच. त्यांच्या बायकोलासुद्धा लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं की खरी तारीख सोळा आहे.

बाबा ऐकत होते. ते तेव्हा सतरा वर्षांचे होते, आणि युद्धाच्या दिवसांत खिडक्यांच्या काचांना काळे कागद कसे लावायचे ही गोष्ट आम्ही त्यांच्याकडून पुष्कळदा ऐकलेली आहे. मला वाटलं, आता ते विषय बदलतील. ते त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "त्या संध्याकाळी आम्ही काळे कागद फाडून टाकले. आळीत पेढे वाटले. मी पण खाल्ले."

काका म्हणाले, "खाल्ले असणारच. मी तुमच्या जागी असतो तर मीही खाल्ले असते."

बाबांनी मुलीच्या हातून डस्टर घेतलं, खालची ओळ पुसली आणि तिला सांगितलं, इथं लिही, युद्ध थांबलं, कैद झालेले लोक पुढं घरी परतले. हारिसच्या मोठ्या हिरव्या अक्षरांना कोणी हात लावला नाही. काकांनी स्वतः हारिसला मुबारक म्हटलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बाबा त्यांचं नाव लिहायला निघाले तर ते म्हणाले, आज नको, उद्या. आमच्या घरी उद्या.

माझी मेट्रो चुकली होती. ऑफिसात मॅनेजरला काय कारण सांगावं ते सुचेना, ट्रॅफिक म्हणावं तर मेट्रोला ट्रॅफिक नसतो.

सतरा तारखेच्या बोर्डवर पहिली ओळ होती, दोन भावांनी बनवलेलं विमान आज पहिल्यांदा उडालं, बारा सेकंद. दुसऱ्या ओळीत काकांचं नाव आणि मजला. त्या दिवशी ते कामावर जाताना आणि येताना, दोन्ही वेळा लिफ्टपाशी लोकांनी त्यांना अडवलं. केरळच्या काकांनी हात मिळवला, नर्सनं चक्क गाणं म्हटलं. संध्याकाळी त्यांच्या घरून हलवा आला. बाबा म्हणाले, हा तर आपला शिराच, फक्त तुपाला हात सढळ आहे. त्यांनी दोन वाट्या खाल्ल्या. जेवताना ते मध्येच म्हणाले, "तीस वर्षं मी फळ्यावर नटांचे आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस लिहिले. डेपोत दीडशे ड्रायव्हर होते. एकाचाही कधी लिहिला नाही." मी म्हटलं, बाबा, कोणाला सुचलं असतं?

अठराला कतारचा राष्ट्रीय दिन, सगळीकडे मरून-पांढरे झेंडे. मुलीनं बोर्डवर झेंडा काढला आणि दोन वर्षांपूर्वी याच दिवशी लुसैलच्या स्टेडियममध्ये झालेल्या अंतिम सामन्याचा स्कोअर लिहिला. तो तिला पेनल्टीसकट पाठ होता. पण खाली लोक उभे होते ते स्वतःच्या तारखा सांगायला. तिनं त्यासाठी शाळेची एक कोरी वही काढली आणि मजल्यामजल्यावर फिरून यादी केली.

यादीतून एक मजा निघाली. आमच्या इमारतीत एक जूनला जन्मलेले चार जण होते आणि एक जानेवारीला पाच. मुलीला वाटलं तिची चूक झाली. बाबांना हसू आवरेना. त्यांचाही वाढदिवस कागदोपत्री एक जूनच. गुरुजींनी शाळेत नाव घालताना अंदाजानं टाकलेला. जगातल्या सगळ्या थोरांच्या जन्मतारखा जपणाऱ्या माणसाला स्वतःची माहीत नाही, हे आमच्या घरात नवीन नव्हतं, पण मुलीला ते पहिल्यांदाच कळलं. ती म्हणाली, "दॅट इज सो अनफेअर." मग जरा थांबून मराठीत विचारलं, "मग तुला कधी केक देणार?"

हारिसचंही तेच. पासपोर्टवर एक जानेवारी. त्याची आई एवढंच सांगायची की धान कापून झालं होतं आणि गारठा पडला होता. मुलीनं दोघांना समोर बसवून वही उघडली आणि तारखा निवडायला सांगितल्या. हारिसला वाटलं ही पोर गंमत करते आहे, पण तिचा चेहरा पाहून तो विचार करू लागला. त्याच्याकडचा भात साधारण अगहायण महिन्यात, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या सुमारास, कापतात आणि मग थंडी पडते, म्हणून त्यानं डिसेंबरची सव्वीस घेतली. सोळा का नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, तो दिवस साऱ्या देशाचा आहे, मला एखादा माझा राहू दे. बाबांना मात्र ठरवता येईना. ते वहीची पानं उलटत राहिले, या तारखेला अमका जन्मला, त्या तारखेला तमका गेला. मुलगी कंटाळून म्हणाली, आजोबा, यल्ला, आटप आता. शेवटी त्यांनी फेब्रुवारीची नऊ घेतली. का, ते सांगितलं नाही. मी नंतर नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, नऊ फेब्रुवारीला बाबा एसटीत रुजू झाले होते.

सव्वीसला हारिससाठी केक आला तो लाहोरच्या काकांनी सूक वाकिफच्या जुन्या बाजाराजवळच्या बेकरीतून आणलेला. मोठ्या अक्षरातली हिरवी शाई तोवर संपली होती, म्हणून त्याचं नाव निळ्यात लिहावं लागलं. आयुष्यात पहिल्यांदा केक कापतोय म्हणून त्यानं तो इतका बारीक कापला की बावीस जणांना पुरून उरला.

नऊ फेब्रुवारीला बाबा एकाहत्तर वर्षांचे झाले, अर्थात आमच्या हिशेबानं. परतीचं विमान तेरा तारखेला होतं. जाताना त्यांनी हारिसला मार्करचा नवा डबा दिला आणि मुलीला दिनविशेषाची वही द्यायला काढली, पण मग विचार बदलला. सोसायटीच्या गेटवर लोक वाट बघत असतील, म्हणाले. मुलीनं बसून फोनवर तीनशे सहासष्ट पानांचे फोटो काढले. त्याला तिला तीन संध्याकाळी लागल्या.

मार्चपर्यंत तिनं आणि हारिसनं बोर्ड चालवला. पुढं परीक्षा आल्या, उन्हाळा आला, अर्धी इमारत सुट्टीला आपापल्या गावी गेली. ऑगस्टमध्ये मालकानं लॉबी रंगवून घेतली आणि बोर्डाच्या जागी एक स्क्रीन लावला. त्यावर आता दिवसभर एसी सर्व्हिसिंगच्या जाहिराती फिरतात. लाहोरचे काका मुलाकडे लुसैलच्या नव्या टॉवरमध्ये राहायला गेले आहेत. माझ्या ऑफिसपासून ट्रामचे दोन थांबे. मागच्या सतरा डिसेंबरला मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडे जाऊन आले, तर हलवा तयारच होता आणि बाबांसाठी वेगळा डबाही भरलेला. नाशिकला कसा पोचवणार, असं मी विचारलं, तर काकू म्हणाल्या, नाही पोचला तर तू खा.

मुलगी आता तेरा वर्षांची आहे. शुक्रवारी सकाळी ती बाबांना व्हिडिओ कॉल करते आणि दोघं पुढच्या आठवड्याच्या ओळी ठरवतात, कारण नाशिकच्या गेटवरच्या फळ्यावर आता तिचंही एक नाव रोज असतं. गेल्या शुक्रवारी मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. बाबा म्हणत होते, हा तुझा गायक मागच्याही वर्षी लिहिला होता. ती म्हणाली, "आजोबा, वाढदिवस दरवर्षी येतो."