पत्र्याखालचं छत

आमच्या माईंचा डोळ्यांपेक्षा तळहातावर जास्त विश्वास. बाजारात कापड घ्यायचं तर हात, तवा तापला का बघायला हात, पोराचं अंग गरम वाटलं की कपाळाला हात. मला बघायला मुरबाडला आल्या तेव्हा माझं शिक्षण विचारलं नाही, रंग पाहिला नाही. जवळ बोलावलं, माझा पंजा आपल्या दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "कामाचा हात हाय. पोरगी आमाला पसंत." माझी आणि सासूबाईंची ओळख झाली ती अशी.

सासर शहापूर तालुक्यात, तानसा धरणाच्या बाजूला. माकडांनी कौलं फोडून जीव नकोसा केला होता, म्हणून माझ्या लग्नानंतरच्या वर्षी ह्यांनी कौलं उतरवून पत्रे टाकले. गावात कौतुक झालं. पण माघ सरत आला तशी दुपारी घरात बसवेना. माईंनी शिडी लावली, पत्र्याला खालून हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"अरे, ह्यो तर तवा! ह्याच्याखाली माझा नातवंड भाजायचा का?"

मला तेव्हा सातवा महिना होता.

माईंनी गोणपाटं जोडून शिवली आणि पत्र्याला अगदी चिकटवून बांधली. दुपारी थोडं बरं वाटलं. पण पहाटेचा गारवा अजून गेला नव्हता. पत्र्याला आतून दव सुटलं, गोणपाटं भिजली आणि ह्यांच्या तोंडावर टपटप पाणी पडायला लागलं. हे दचकून उठले. "माई, पाऊस आला!"

"पाऊस नाय रे, तुझा पत्रा घामेजलाय," माई अंथरुणातूनच म्हणाल्या. सकाळी त्यांनी सगळी गोणपाटं उतरवली आणि स्वतःच्या चुकीवर हसत निकाल दिला, "पावना आन पत्रा, हातभर लांबच बरा."

पुढे मी माहेरी गेले आणि चैत्रात मुलगी झाली. माई डिंकाचे लाडू घेऊन आल्या, पण उंबऱ्यातच आमच्या आईनं त्यांना स्पष्ट सांगितलं, "विहीणबाई, राग मानू नका. ऐन वैशाखात माझी नात त्या पत्र्याखाली पाठवणार नाही मी. पावसाळा लागला की बघू."

आता दोघींचं बिनसणार, असं मला वाटलं. पण माई म्हणाल्या, "बरोबर बोललात. पत्र्याखाली छत होत नाय तवर मी पन पोरीचा तोंड बघनार नाय." आणि खरोखरच पाळण्याकडे पाठ करून बसल्या. तशाच चहा प्यायल्या. एवढ्यात बाळ रडलं. माईंचा हात मागे आला, चाचपडत पाळण्यात शिरला आणि इवल्या पावलावर थांबला.

"विहीणबाई, हे चालतं होय?" आईनं विचारलं.

"तोंड बघनार नाय बोलले. हात लावनार नाय असा कुठं बोलले?" आई हसली. माई मात्र बाळाकडे न बघताच गेल्या.

घरी जाऊन त्यांनी गावातल्या बाया गोळा केल्या. पत्र्याच्या खाली हातभर जागा सोडून तुळयांवर बांबू टाकले, त्यावर रानातल्या कारवीच्या काटक्या दाट बांधल्या, शेणमातीनं लिंपल्या आणि वर पेंढा अंथरला. गरम हवा निघून जावी म्हणून दोन्ही टोकांना झरोके ठेवले. ह्यांनी उंदरांची शंका काढली, तर माई म्हणाल्या, "मांजर पाळू. नात काय उन्हात पाळायची?"

छत पूर्ण झालं तसा आईला निरोप आला. भर दुपारी ती एकटीच बघायला गेली. आत पाऊल टाकताच म्हणाली, "गार आहे हो."

"नुसता बोलू नका. चढा वर, हात लावा."

आईनं पदर खोचला, शिडी चढली आणि छताला तळवा टेकला. बराच वेळ तो तिनं काढला नाही. खाली उतरून म्हणाली, "उद्या पोरीला घेऊन येते."

"उद्या कशाला? मीच येते की तुमच्यासंगं." माई नेसत्या लुगड्यानिशी एसटीत बसल्या. संध्याकाळी आमच्या दारात येऊन त्यांनी बाळाला उचललं, उजेडाकडे धरलं आणि पहिल्यांदा तिचं तोंड बघितलं. डोळे वाहत होते.

नंतर गावात घरोघर पत्रे आले आणि माईंना छत घालायची बोलावणी येऊ लागली. कुणाच्याही घरी बाळंतपण असलं की त्या कमरेला कोयता लावून निघायच्या. जाताना मला सांगायच्या, "भात तू टाक गो. तिकडं पोर यायची हाय."

मुलगी पाचवीत गेली त्या वर्षी माई अंथरुणाला खिळल्या. भेटायला येणाऱ्यांना म्हणत, "कामं सोडून काय बसलाव? मेले तर कळवीन." श्रावणातल्या एका दुपारी पावसानं झोडपायला सुरुवात केली. अशा पावसात पत्र्याच्या घरात शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. माईंचा आवाज तर अगदी क्षीण झाला होता. तरी त्या छताखाली मला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू आला.

"पोरीला शाळंतनं आनायला कोन गेला का गो? भिजंल ती."

"हे गेलेत, माई," मी म्हटलं. मलाही आवाज चढवावा लागला नाही.

"मग बरा," म्हणाल्या, आणि डोळे मिटले.