बोटांनी बघायचं कार्ड

सुरुवातीलाच माफी मागतो. एस्तेरमावशींवर लिहावं असा माझा काही अधिकार नाही. मी त्यांचा नातेवाईक नाही, त्यांच्या चर्चमधला नाही, आणि नर्स म्हणून त्यांनी धुळ्यातल्या ज्या घरांची बाळंतपणं केली त्यांच्यापैकीही नाही. मी त्यांच्या मागच्या खोलीत राहणारा भाडेकरू. पारोळ्याजवळच्या खेड्यातून कॉलेजसाठी आलेला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, त्यामुळे पुरवणीत लेख कसा लिहितात हे विचारायलाही कुणी नाही. पण खरी अडचण वेगळीच आहे. हा लेख छापून आला आणि पाचोऱ्यातल्या एका घरात कुणी तो मोठ्याने वाचला, तर तिथल्या एका म्हाताऱ्या बाईला जे कळू नये म्हणून आमची सगळ्यांची धडपड चालली आहे, नेमकं तेच कळेल. म्हणून सध्या नुसतं लिहून ठेवतो आहे. पाठवायचं की नाही, ते पाचोऱ्याहून काय समजतं त्यावर...

बातमी आली तेव्हा मी ओट्यावर बसून चांदणीला पतंगाचा कागद चिकटवत होतो. दरवर्षी डिसेंबर लागला की मावशींच्या दारावर बांबूच्या कामट्यांची मोठी चांदणी लागायची. यंदा मावशींना दम लागायला लागला म्हणून त्यांची भाची मंदाताई त्यांना जळगावला घेऊन गेल्या, तिथल्या दवाखान्यात ठेवलं. रिक्षात बसताना मावशी मला म्हणाल्या होत्या, “चांदणी लावून ठेव. मी आल्यावर दार ओळखू आलं पाहिजे.” मी खळ लागलेल्या हातांनीच फोन उचलला. मंदाताई एवढंच म्हणाल्या, “दिनू, मावशी गेली रे.” पलीकडे बायका रडत होत्या. फोनच्या काचेवर खळीचा डाग वाळून बसला, तो मी अजून पुसलेला नाही.

मी पहिल्यांदा खोली शोधत आलो तेव्हा आडनाव, गाव, जात, सगळं विचारून झाल्यावर ‘कळवतो’ म्हणणारी बरीच घरं फिरून झालो होतो. मावशींनी फक्त एक विचारलं, “घरी कपाशी आहे का रे?” मला वाटलं, बाई ऐपत बघताहेत. घाबरत म्हणालो, “आहे थोडी.” त्या म्हणाल्या, “मग दिवाळीहून येताना एक वाळलेलं झाड आण. मुळासकट. बोंडं फुटलेली पाहिजेत, आणि वाटेत एकही सांडायचं नाही.” खोली ठरली. आईला फोनवर सांगितलं तर तिने मालकिणीचं नाव दोनदा विचारलं. मग म्हणाली, “त्या लोकेस्नं घर शे, संभाळीसन ऱ्हाय रे भाऊ.” कपाशीच्या झाडाचं मी तिला सांगितलंच नाही.

ते झाड मी एसटीतून कसं आणलं ते माझं मला माहीत. कंडक्टर म्हणाला, “काय रे, अख्खं शेत उपटून आणलं का? याचं तिकीट कोण काढेल?” शेजारच्या आजोबांनी एक बोंड हातात घेऊन किडकं आहे का ते पाहिलं आणि मला भाव विचारला. धुळ्याला उतरेपर्यंत मी ते झाड लहान मुलासारखं मांडीवर धरून होतो. मावशींनी ते तेलाच्या डब्यात वाळू भरून उभं केलं, फांद्यांना लाल दोऱ्याने घुंगरं बांधली, आणि त्या उघड्या पांढऱ्या बोंडांचं झाड दिवाणखान्यात असं काही दिसू लागलं की मी बघतच राहिलो. आमच्या शेतात मी ते रोज पाहिलेलं, पण कधी नीट बघितलंच नव्हतं. “लोक बाजारातून प्लास्टिकचं झाड आणतात आणि त्यावर कापूस टाकतात,” मावशी म्हणाल्या. “आपल्याकडे कापूस झाडालाच लागतो. मग उलटा उद्योग कशाला?”

त्या झाडाशेजारच्या टेबलावर नाताळची कार्डं व्हायची. मुद्दाम विकत आणलेलं त्यात फक्त जाड कागद, पॉलिश पेपर आणि दोरा. बाकी सगळं इथलं. केळीच्या खोडाची वाळलेली साल पाचोऱ्याहून यायची, ज्वारीच्या ताटाच्या बारीक चोया मी गावाहून आणायचो. खळ मावशी स्वतः करायच्या. मैदा आधी गार पाण्यात कालवून, मग मंद आचेवर सारखा ढवळत, शेवटी चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं कार्ड खात नाहीत. मी पहिल्या दिवशी बोलून गेलो, “मावशी, खय आटली.” गावात आम्ही तसंच म्हणतो. आपण कॉलेजातले आणि बोललो असं, म्हणून मला कानकोंडं झालं. पण मावशी हसल्या. “आमची अक्काही खयच म्हणते. बरं झालं, घरात एक माणूस तिच्या भाषेचं आलं.”

ही अक्का म्हणजे पाचोऱ्याच्या सुमनअक्का, मावशींची मैत्रीण. तरुणपणी दोघी धुळ्यात एकाच दवाखान्यात नर्स होत्या, क्वार्टरमधल्या एकाच खोलीत राहायच्या. अक्का लग्न होऊन गेल्या, पण दिवाळीचा फराळ तिकडून इकडे आणि नाताळचं कार्ड इकडून तिकडे, हे कधी चुकलं नाही. मग काचबिंदूने अक्कांची नजर गेली. त्या वर्षी अक्कांचा मुलगा रवीभाऊ म्हणाला होता, “मावशी, आता कार्डाचा त्रास घेऊ नका, आईला दिसत नाही.” मावशी त्याच्यावर चिडल्या. “दिसत नाही तर नाही. हात आहेत ना?” तेव्हापासून अक्कांचं कार्ड बोटांनी बघायचं होऊ लागलं. पॉलिश पेपरचा खरबरीत डोंगर. मुगाच्या डाळीची पायवाट. ताटाच्या चोयांचा गोठा. सरकी काढलेल्या कापसाची मेंढरं आणि त्यांचे पाय लवंगांचे, म्हणजे वासही येतो. वर केळीच्या सालीची चांदणी. गोठा, गव्हाण, मेंढरं आणि गावात कुठे जागा न मिळालेलं एक कुटुंब... ही गोष्ट मावशींनी मला ते कार्ड करता करताच सांगितली. ती मला परक्या देशाची वाटलीच नाही.

नाताळच्या सकाळी अक्कांचा फोन यायचा, आणि मावशी तो स्पीकरवर लावायच्या. अक्का कार्डावरून बोट फिरवत एकेक ओळखायच्या.

“एस्तेर, यंदानं मेंढरू भलतं बारीक शे. धुळ्यामा चारा नही का?”

“अगं बाई, ते मेंढरू नाही. गाढव आहे ते, मरियेचं.”

“मंग त्यानी शेपटी कोठे शे?”

“तुझ्या अंगठ्याखाली दाबलीस की!”

मग दोघी इतक्या हसायच्या की फोन कुणी ठेवायचा हेच ठरायचं नाही. मला त्या कार्डाला हात लावायची परवानगी दुसऱ्या वर्षी मिळाली, तीही फक्त पायवाटेपुरती. माझी खळ नेहमी जास्त व्हायची. डाळ सुटेल या भीतीने मी थापतच जायचो. मावशी माझं बोट धरून कागदावरून फिरवायच्या. “हे बघ. हा गोळा आला ना? अक्काला पायवाट नाही लागणार, तुझी भीती लागेल. खळ आपल्या बोटाला कळली पाहिजे, बघणाऱ्याला नाही.” मी म्हणायचो, “निघालं तर?” त्या म्हणायच्या, “निघालं तर निघालं. पुन्हा लावू.” कॉलेजात तोंडी परीक्षेला, बँकेत, साहेबापुढे, सगळीकडे मी असाच असतो. एक वाक्य पुरे असताना चार बोलतो. मावशींनी ते खळीवरून ओळखलं होतं.

मावशींना जळगावातच माती दिली. मी जाऊन आलो. परत आलो त्याच दिवशी रवीभाऊंचा फोन आला. ते इकडचंतिकडचं बोलत राहिले, मग म्हणाले, “दिनू, आईला सांगितलेलं नाही. तिचं हृदय फार कमजोर झालंय, डॉक्टर म्हणाले सध्या धक्का नको. मावशी भाचीकडे आहेत, घसा बसलाय, फोनवर बोलता येत नाही, असं सांगितलंय.” मग हळू आवाजात म्हणाले, “पण ती रोज कार्डाचं विचारते रे. कार्ड आलं नाही, तर तिला कुणी सांगायची गरज पडणार नाही.”

अक्कांचं कार्ड बिस्किटाच्या डब्यात होतं. अर्धं. डोंगर झाला होता, गोठा झाला होता, चांदणी लागली होती. मेंढरं आणि पायवाट राहिली होती. मी मंदाताईंना विचारलं. त्यांनी कार्ड कुठवर झालंय ते विचारलं. मग म्हणाल्या, “तिनेच सुरू केलंय ना? मग पुरं कर. आत मात्र तिच्या नावाने काही लिहू नकोस.” तेवढ्याने माझी काळजी मिटली नाही. हे खोटं का, की अर्धवट राहिलेलं काम पूर्ण करणं? अक्कांची बोटं इतकी वर्षं मावशींच्या हाताला सरावलेली. त्यांनी ओळखलं आणि त्यांना काही झालं, तर ते माझ्या हातून होईल. आणि नाही ओळखलं, तर मावशी गेल्या तरी त्यांची मैत्रीण त्यांच्यासाठी रडलीच नाही, असं होईल. यातलं कुठलं व्हावं असं मला वाटत होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी खळ केली. मोरचूद टाकलं, सवयीची पायवाट आधी केली. पहिलं मेंढरू चिकटवलं, डोळे मिटून बोट फिरवलं, काढलं, पुन्हा केलं. लवंगा बसेनात. प्रत्येक वेळी वाटायचं, हे सुटणार, प्रवासात सुटणार, अक्कांच्या हातात मेंढराचा पाय येणार... आणि बोट पुन्हा पातेलीत जायचं. कार्ड वाळल्यावर मी ते यंदाही दिवाळीहून आणलेल्या कपाशीच्या झाडाखाली ठेवून लांबून पाहिलं. डोळ्यांना ते अगदी मावशींचं वाटत होतं. पण बघणार होती ती बोटं. आतली बाजू कोरी ठेवून मी ते पाठवून दिलं.

“पोचलं,” रवीभाऊंनी फोनवर सांगितलं. मी विचारलं, “काय म्हणाल्या?” ते म्हणाले, “काहीच नाही. हात फिरवला आणि उशाखाली ठेवलं.” नाताळच्या सकाळी मी मावशींच्या दिवाणखान्यात बसून राहिलो. त्यांचा फोन जळगावला होता, इथे वाजणार नव्हता, हे माहीत असूनही. त्यानंतर पाचोऱ्याहून काही कळेना. एकदा फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावायची हिंमत होईना. फोन वाजला की आधी नाव बघायचो, आणि आईचा असला की सुटल्यासारखं वाटायचं. आई आता विचारते, “त्या बाईना घरमा दिवा लावस ना रे?” लावतो. चांदणी मी अजून उतरवलेली नाही. झाडाची बोंडं धुळीने मळकट झाली आहेत, तळाशी खळ वाळलेली पातेली तशीच पालथी आहे. घासायला घेतो आणि ठेवून देतो. मंदाताई म्हणतात, घराचं काय करायचं ते उन्हाळ्यात बघू.

इथवर लिहून मी हे कागद ठेवून दिले होते. पुढचं परवाचं आहे. संक्रांत होऊन गेल्यावर रवीभाऊंच्या पत्नीचा, वैशालीवहिनींचा फोन आला. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आधी त्याच म्हणाल्या, “घाबरू नको, आई बऱ्या आहेत.”

वहिनींनी सांगितलं ते असं. संक्रांतीला त्यांनी अक्कांच्या हातावर तिळगूळ ठेवला. अक्कांनी तो खाल्ला नाही. उशाखालून कार्ड काढलं, मांडीवर ठेवलं आणि शांतपणे विचारलं, “एस्तेर गयी ना?” वहिनींना खोटं बोलता येईना. त्या रडायला लागल्या, तर अक्काच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. कार्ड आलं त्याच दिवशी त्यांना कळलं होतं. डोंगर तिचा, गोठा तिचा, चांदणी तिची, आणि मेंढरांपाशी हात बदलला. मुलगा एवढा जिवापाड जपतोय, त्याला वाईट वाटेल म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. रडून घेतलं होतं, ते सगळे आपापल्या कामाला गेल्यावर, एकट्याने.

“आता तुला लिहायचं असेल ते लिही,” वहिनी म्हणाल्या. “आणि थांब, फोन ठेवू नको. आईंनी तुला निरोप दिलाय. मेंढरं कुणी केली ते मी सांगितलं त्यांना. हे बघ, जसं बोलल्या तसंच सांगते...”

“त्या पोऱ्याले सांग, मेंढरं चांगला शेतस. पुढला साले खय कमी लावजो.”