बारा फाइलींतली एक मुलगी

शिक्षक व्हायला आधी शिक्षक दिसावं लागतं, हे बी.एड.च्या शेवटच्या सत्रात कळलं. इतक्या उघड शब्दांत कुणी सांगितलं नाही. मार्गदर्शक मॅडमनी सांगितलं ते असं: काळ्या कव्हरची फाइल घ्या, आत प्लास्टिकची पाकिटं. पहिल्यात बायोडेटा, दुसऱ्यात शैक्षणिक तत्त्वज्ञान, पुढे पाठांची टाचणं, मग फोटो. "फोटो भरपूर ठेवा. संस्थेचे लोक वाचत नाहीत, बघतात."

याला पोर्टफोलिओ म्हणायचं. तो दाखवून जूनच्या आत शाळा मिळवायची.

माझ्यासाठी जूनला अर्थ होता. मामा जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे. तिथल्या ऑफिसात ट्रेलरच्या गेटपासची नोंद करायला एक मुलगी हवी होती. शाळा लागली नाही तर जूनपासून तिथं जायचं, असं घरात ठरलं. ठरलं म्हणजे मामा बोलला आणि कुणी नाही म्हणालं नाही. यार्डात शिरायची वाट बघत उभे राहणारे हेच ट्रेलर आमच्या गावच्या शाळेचा रस्ता अडवतात, आणि त्यांच्याविरुद्ध मी चार वर्षं पत्रकं लिहिली होती. आता त्यांचेच नंबर टाइप करत बसायचं.

"मामा, यार्डवाल्यांना माहितीय ना मी कोण ते?" मी विचारलं.

"म्हाईत हाय. त्यानीच सांगितला, पोरगी हुशार हाय, आनून बसव."

आंदोलन संपवायची ही पद्धत मला तेव्हा नवी होती.

पत्रक लिहायचं माझं शिक्षण काकांकडे झालं. काका बंदरात जहाजातून उतरणारे कंटेनर तपासून टिक करायच्या कामावर होते, तिथूनच रिटायर झाले. मी लिहायचे, 'शाळेच्या वेळेत शेकडो ट्रेलर रस्त्यावर उभे असतात.' काका चष्मा वर सरकवून विचारायचे, "शेकडो कोनी मोजले?" मग आम्ही गावच्या आंदोलन समितीची पोरं सकाळी नाक्यावर उभी राहून मोजायचो आणि आला तो आकडा छापायचो. तो शेकड्याहून बराच कमी असायचा आणि वाचणाऱ्याला मात्र जास्त वाटायचा. जे कुणी पाहिलं नाही ते पत्रकात जायचं नाही, एवढा एकच नियम होता. बाकी भाषा कितीही कडक चालायची.

त्यामुळे शैक्षणिक तत्त्वज्ञानाचं पान ग्रुपवर आलं तेव्हा मी बसल्या जागी तापले. मागच्या बॅचचं पान होतं, त्यांना त्यांच्या मागच्यांकडून आलेलं. 'प्रत्येक मूल हे एक उमलते फूल आहे' अशी सुरुवात. प्रत्येकीनं त्यात दोन वाक्यं बदलायची, की झालं आपलं तत्त्वज्ञान. मी ते घेतलं नाही. स्वतः लिहिलं. ज्या शाळेपर्यंत मूल सुखरूप पोचत नाही तिथल्या शिक्षकानं आधी रस्ता शिकवावा, असं काहीतरी. सोबत आमची दोन पत्रकं लावली.

मॅडमनी वाचलं आणि पानावर लाल पेनानं आडवी रेघ मारली.

"हे काय आहे?"

"माझं तत्त्वज्ञान, मॅडम."

"हे निवेदन आहे. तहसीलदाराला दे. शाळा अशा मुलींना घाबरतात, कळतं का? उद्या त्यांच्याच गेटवर बसशील."

"कारण असलं तर बसेन."

"म्हणूनच काढ."

मी काढलं. चार वर्षं रस्त्यावर उभं राहून घोषणा दिल्या आणि एका लाल रेघेपुढे दहा मिनिटांत नमले. तिथं उमलतं फूल लावलं. दोन वाक्यं बदलली.

राहिले फोटो. आमची इंटर्नशिप उलव्याच्या एका शाळेत होती. आम्ही बारा जणी, सगळ्यांना कॉलेजची सारखी साडी. मी सातवीला भूगोल शिकवायचे. भरती-ओहोटीचा धडा आला तेव्हा मी विचारलं, खाडी आज कधी भरली होती? कुणाला माहीत नव्हतं. पोरांच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून खाडी दिसते. बघायचं कारण कधी पडलं नव्हतं, एवढंच. मी आठवडाभर बघून वेळ लिहायला सांगितलं. आठवड्यानं वह्या आल्या. बऱ्याच जणांची वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकलेली, बरोबर. दोघांची मात्र रोज संध्याकाळी पाच. म्हणजे ट्यूशनहून घरी यायची वेळ.

त्या दोघांना मी पूर्ण वर्गासमोर उभं केलं. न पाहता लिहिणं म्हणजे खोटं बोलणं, असं छोटं भाषणही दिलं. आवाज नाक्यावर घोषणा देतानाचाच लागला असणार, कारण शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. त्या पाठाचा एकही फोटो नाही. तेव्हा मी शिकवत होते.

फोटो निघाले शेवटच्या दिवशी. सहावीच्या एका वर्गाला खिडकीतून उजेड चांगला येतो, म्हणून तो वर्ग ठरला. आम्ही बाराही जणींनी तिथं पाळीपाळीनं फळ्यापाशी उभं राहायचं. एकीचा फोटो झाला की फळा पुसायचा, पुढचीचा विषय आणि वेगळी तारीख घालायची. दर वर्षी असंच करतात. शाळेलाही सवय आहे. मुलांनाही असावी, कारण कुणी काही विचारत नव्हतं. जिच्या फोनचा कॅमेरा चांगला होता ती मैत्रीण बाकांमधून सूचना देत फिरत होती.

"हात वर करा. सगळे नको, खोटं वाटतं. तू, लाल रिबिनवाली, तू पुढच्या बाकावर ये. हात मस्त उचलते ही."

मुलगी पुढे आली. हात सरळ, बोटं जुळलेली, चेहऱ्यावर उत्तर येत असल्याची घाई. तिसऱ्या-चौथ्या फोटोनंतर तिनं विचारलं, "टीचर, प्रश्न कोणता आहे?"

"कोणताही," मैत्रीण म्हणाली.

आम्ही हसलो. मीही हसले. मग फळ्यावर भरती-ओहोटीची आकृती काढली, तारीख टाकली आणि उभी राहिले. फोटो छान आला.

मे महिन्यात नेरुळच्या एका शाळेतून बोलावणं आलं. खाडीच्या बाजूची शाळा, पाचवी ते सातवीसाठी एक जागा. जूनच्या आधीचं माझं हे एकच बोलावणं होतं. मुलाखतीच्या खोलीबाहेर बाकावर आमच्याच बॅचच्या दोघी बसल्या होत्या. एक तीच, कॅमेरावाली. दुसरी इतिहासाची. तिची मुलाखत झाली होती आणि ती पाणी पीत होती.

"कसं झालं?"

"बरं. फोटोंवर जरा अडकले ते."

कॅमेरावालीनं आपली फाइल उघडली. विज्ञान, चुंबकाचे गुणधर्म. पुढच्या बाकावर लाल रिबीन, हात वर. तिनं माझी फाइल ओढून पाहिली. भूगोल. लाल रिबीन, हात वर.

"ए, तुझ्यातपण हीच?"

"बाराही जणींच्यात हीच आहे. तूच बसवलीस पुढे."

"मला काय माहीत आपण तिघी एकाच शाळेत येऊ?" तिनं दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. "पोरगी सगळ्या विषयांत हुशार आहे बघ. आपल्याऐवजी तिलाच घेतील."

एवढ्यात तिचं नाव पुकारलं. उठता उठता तिनं तो फोटो पाकिटातून ओढून पर्समध्ये टाकला आणि मला म्हणाली, "काढ तूपण. वेडी आहेस का?"

काढायला वेळ भरपूर होता. ती आत पंधरावीस मिनिटं होती. मी काढला नाही. यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. माझ्या फाइलीत तो एकच चांगला फोटो होता, आणि रिकामं पाकीट वाईट दिसेल असं वाटलं.

आत तिघं होते. मुख्याध्यापिका, संस्थेचे एक सर आणि भूगोलाच्या जुन्या बाई. मुख्याध्यापिकांनी पानं उलटली आणि फोटोवर थांबल्या.

"ही मुलगी सकाळी इतिहासात भेटली आम्हाला," त्या म्हणाल्या. "तेव्हाही हात वर होता. काय उत्तर दिलं हिनं तुमच्या तासाला?"

मला भाषण सुचलं. खरंच सुचलं, मुद्द्यांसकट. बी.एड. कॉलेजं काय करतात, फाइलींचा धंदा कसा झालाय, बेरोजगार पोरींना कसं नाचवतात.

"मॅडम, आमच्या कॉलेजमध्ये पद्धतच अशी आहे की..."

"कॉलेजचं नाही विचारलं मी. मुलीनं काय उत्तर दिलं?"

"काही नाही. तिला प्रश्न विचारलाच नव्हता."

"म्हणजे?"

"फोटोसाठी हात वर करायला लावला होता. तारीखही खरी नाही. भरती-ओहोटी मी शिकवलीय, पण दुसऱ्या वर्गाला."

संस्थेचे सर पुढे झुकले. "मग या फाइलीत खरं काय आहे?"

"मार्कशीट," मी म्हणाले. विनोद करायचा नव्हता. विचार करून जेवढं सापडलं तेवढं सांगितलं. भूगोलाच्या बाई मात्र हसल्या आणि मग खोकल्याचं निमित्त केलं.

मग त्या दुसऱ्या वर्गाला कसं शिकवलंत, असं त्यांनीच पुढे विचारलं तेव्हा मी वह्यांचं सांगितलं. संध्याकाळच्या पाचवाल्या दोघांना कसं उभं केलं तेही सांगितलं. त्या पोरांनी सात दिवसांचं खोटं लिहिलं होतं. मी त्यांना वर्गासमोर उभं केलं आणि नंतर त्याच शाळेत, त्याच धड्याच्या आकृतीशेजारी, स्वतः उभी राहिले.

"त्या वह्या आहेत तुमच्याकडे?" बाईंनी विचारलं.

"मुलांकडे."

"म्हणजे याचाही पुरावा नाही."

"नाही."

मुख्याध्यापिकांनी फाइल बंद करून माझ्याकडे सरकवली. "आमचे सातवीचे सुट्टीतले वर्ग चालू आहेत. बुधवारी येऊन हाच पाठ घ्या. आम्ही मागे बसू. ही फाइल आणू नका."

घरी बाबांना एवढंच सांगितलं की बुधवारी पुन्हा बोलावलंय. बाबा अंगणात जाळं विणत होते. खाडीत आता मासळी नावापुरती मिळते, तरी जाळं ते नीट ठेवतात.

"मामा सारखा फोन करतंय, बाय. त्याला काय सांगू?"

"बुधवारपर्यंत थांब म्हणावं."

बुधवारी वर्गात तीस-बत्तीस मुलं होती आणि मागच्या बाकांवर तिघं मोठे. मी विचारलं, खाडी आज कधी भरली होती? एकही हात वर गेला नाही. हे चांगलंच लक्षात आहे, कारण ती शांतता लांबली आणि ती भरून काढायला माझ्याकडे घोषणा सोडून काही नव्हतं. दुसऱ्यांदा विचारलं. मागून एक मुलगा हात न उचलताच म्हणाला, "टीचर, खाडीकडची खिडकी आम्ही बंदच ठेवतो. वास येतो."

वर्ग हसला. संस्थेच्या सरांनी घड्याळ पाहिलं.

"कधी येतो वास?" मी विचारलं.

"कधीपण."

"नाय, रोज नाय येत तसा," दुसरी मुलगी म्हणाली. "परवा सकाळी होता. शाळेत येताना."

"आमच्याकडे काल जेवताना आला. मम्मीनं खिडकी लावली."

"जेवताना म्हणजे किती वाजता?"

मग सुरू झालं. वास कुणाकडे कधी आला ते फळ्यावर लिहीत गेले. काहींच्या वेळा जुळेनात, त्यावरून भांडणं झाली. एकीनं सांगितलेली वेळ तिच्याच बिल्डिंगमधल्या मुलानं खोडून काढली, "तू तेव्हा गावाला होतीस." पण जुळल्या त्या वेळा रोज पुढे सरकत होत्या, आणि पाणी उतरून चिखल उघडा पडला की वास सुटतो, हे मी सांगायच्या आधी त्यांच्यातल्याच कुणीतरी सांगितलं. आकृती काढायची राहून गेली. उपयोजन आणि मूल्यमापन या टाचणातल्या पायऱ्या आल्याच नाहीत. तास संपला तेव्हा फळ्यावर नुसता वासाचा पसारा होता. भूगोलाच्या बाईंनी जाताना एवढंच सांगितलं, "फळ्याचं नियोजन शिका. आणि कमी ओरडा."

शनिवारी शाळेतून फोन आला. कायमची जागा कॅमेरावालीला मिळाली होती. तिला विज्ञान आणि गणित दोन्ही येत होतं, फाइलही नीटनेटकी होती. मला राग येईल असं वाटलं होतं. थोडा आलाही, पण तो कुणावर काढावा याची यादी करायला बसले तर पहिलं नाव माझंच निघालं, म्हणून राहू दिलं. भूगोलाच्या दुसऱ्या एक शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर जात होत्या. त्यांच्या जागी दिवाळीपर्यंत याल का, असं मुख्याध्यापिकांनी विचारलं. मी हो म्हणाले.

"दिवाळीपरत?" बाबांनी विचारलं.

"हो."

"आनि मंग?"

"मग दुसरी बघेन."

संध्याकाळी मामाचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर पोरांच्या हजेरीचा तक्ता कसा आखायचा ते कागदावर करून बघत होते. आतून बाबांचा आवाज येत होता. यार्डातली जागा अजून रिकामी होती. साहेबानं परत विचारलं होतं. पोरीला उद्यापासून पाठव, असं मामा म्हणत असावा.

"नाय, ती नाय येत," बाबा म्हणाले. "तिला शाला मिलाली."

किती दिवसांची, ते त्यांनी मामाला सांगितलं नाही. मामानं विचारलं असावं, कारण थोडं थांबून बाबा पुन्हा म्हणाले, "मिलाली म्हनजे मिलाली," आणि फोन ठेवून जाळ्याकडे गेले.