टेकडीवरून आणलेला धोंडा

बिरोबाच्या टेकडीवरचा एक गुळगुळीत धोंडा मी पेपरवेट म्हणून घरी आणला. न्हावऱ्याच्या शाळेत मी नवा मास्तर होतो. वर जाताना पायथ्याचा धोंडा न्यायचा आणि देवाच्या ढिगावर ठेवायचा, खाली काही आणायचं नाही, ही रीत मला कुठली ठाऊक!

एसटीच्या थांब्यावर रोज भेटणारे धनगर आबा टेकडीकडं पाठ करून कधी उभे राहत नसत. मी मध्ये आलो, तर खांद्याला धरून बाजूला सारत. त्यांनाच मी कौतुकानं पेपरवेट दाखवला.

"समदं गाव टेकडी वाढवतंय, आन् तुम्ही उतरवाय लागलाय व्हय, मास्तर?"

दुखरे गुडघे दाबत आबा त्याच दुपारी मला घेऊन वर निघाले. मुठीएवढा धोंडा, पण मला डोक्यावर धरायला लावला. भेटेल त्या मेंढक्याला सांगत, "चोरी परत कराय चाललोय!" शेवटी मीही खोखो हसू लागलो.

धोंडा ढिगावर ठेवून मी धापा टाकत तिथंच आडवा झालो. आबांनी हात जोडले.

"देवा, तुझा धोंडा घे. मास्तरला ठिवून घिऊ नगं, काय कामाचा न्हाई."