आधी रिकामा काटा

आमचे काटेभाऊ वांगी घेतानासुद्धा आधी रिकामा काटा पाहायचे. भाजीवाली पारड्यात माल टाकायला गेली, की यांचा हात आडवा. "थांब बाई, आधी रिकामा दाखव." ती चिडायची, मागची गिऱ्हाइकं खोळंबायची आणि बाजूला पिशवी धरून उभ्या असलेल्या वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. काटा शून्यावर स्थिरावेपर्यंत भाऊ मात्र जागचे हलत नसत.

हे वळण घुग्घुसचं. कोळशाचे ट्रक तोलणाऱ्या धरमकाट्यावर त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती. ओला कोळसा जड भरतो, चाकाला चिखल असला तरी आकडा चढतो आणि ड्रायव्हर केबिनमध्ये बसून राहिला, तर तोही कोळशात मोजला जातो. म्हणून गाडी आधी रिकामी तोलायची, मग भरलेली. "काटा खोटा नसते पोरी," ते म्हणायचे. "आपनच त्याच्यावर कायबाय ठेवतो अन् इसरून जातो." धुळीनं छाती धरली, तेव्हा ते चंद्रपूरला आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून आले. त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं.

मी ऊर्जानगरला वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, एम.एस्सी.ला पहिली आलेली. मी हुशार होते आणि ते मला जरा जास्तच ठाऊक होतं. काही पदार्थ अतिशय थंड केले, की त्यांतून वीज कसल्याही अडथळ्याशिवाय वाहते. त्यांना अतिवाहक म्हणतात. अशा अतिवाहकाच्या तबकडीवर टांगलेल्या वस्तूचं वजन किंचित घटतं, असा दावा परदेशात कुणीतरी केल्याचं मी वाचलं होतं. इतरांना ते करून दाखवता आलं नव्हतं. म्हटलं, आपण दाखवू. तबकडी आमच्या विभागप्रमुख सरांनी मिळवून दिली.

थंडी आणली भाऊंनी. एवढी थंडी देणारा द्रव नायट्रोजन आमच्याकडे कुठून येणार, म्हणून सर डोकं धरून बसले होते. भाऊ म्हणाले, "जनावराच्या दवाखान्यातून." गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या वीर्याच्या कांड्या त्यातच ठेवतात, हे आम्हा शिकलेल्यांना माहीतच नव्हतं. मोटारसायकलवर कॅन बांधून भाऊ निघाले, की वाटेत कुणीतरी विचारायचंच, "कोनाची गाय हाय भाऊ?" भाऊ तोंड सरळ ठेवून सांगत, "सायन्स कॉलेजची."

थर्माकोलच्या वाटीत तबकडी ठेवली. वर तराजूला काचेचा गोळा टांगला. नायट्रोजन ओतला, पांढरी वाफ उसळली आणि गोळ्याचं वजन उतरू लागलं. हजारात एखादा भाग, पण उतरलं! मी ओरडलेच. सरांनी पेढे मागवले, वार्ताहराला फोन केला. नागपूरच्या विज्ञान प्रदर्शनासाठी माझं नाव पक्कं झालं. भाऊ एकटेच हातात पेढा धरून उभे.

"काऊन भाऊ, खात नाही?"

"रिकामा काटा पाह्यला का?"

"तराजू शून्यावर आणला होता की."

"तराजूचं नाई म्हनत मी. तबकडी काढ, नुसती थंडी ठेव अन् मंग तोल."

माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत मी म्हणाले, "भाऊ, हा कोळशाचा ट्रक नाहीये." ते वाक्य आठवलं, की आजही कानशिलं तापतात. भाऊंनी पेढा कागदात गुंडाळून टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी वार्ताहराच्या आधी तासभर ते नायट्रोजनचा दुसरा कॅन घेऊन हजर होते.

तबकडी काढून तोललं. वजन तेवढंच उतरलं. तबकडीचा काही संबंधच नव्हता. थंड हवा जड असते. पाण्यात वस्तू हलकी होते, तसा आमचा गोळा त्या हवेत हलका झाला होता. मी तिथंच रडायला बसले.

"रडून काऊन राह्यली?" भाऊ म्हणाले. "चूक तुले सापडली, वार्ताहराले नाई." मग त्यांनी कागद उलगडला आणि कालचा पेढा खाल्ला.

वार्ताहर चहा पिऊन गेला. नागपूरला मी माझी चूकच मांडली, दोन्ही आकड्यांसकट. बक्षीस मिळालं नाही. पण एका परीक्षकबाईंनी विचारलं, "तबकडी काढायचं कुणाला सुचलं?" मी म्हणाले, "आमच्या काटेभाऊंना." पुढे त्याच बाईंनी मला संशोधनाला बोलावून घेतलं. आज मी जी काही आहे, ती त्या एका उत्तरामुळं.

आता मी अहेरीच्या पुढे, जंगलातल्या एका केंद्रात गुरुत्वाकर्षण मोजते. आमच्या यंत्रात अतिवाहक धातूचा छोटा गोळा चुंबकाच्या बळावर अधांतरी तरंगत असतो. जमिनीखालचं पाणी चढलं-उतरलं, तरी त्याला कळतं. मागच्या वर्षी मी भाऊंना तिथं घेऊन गेले. यंत्राच्या बरोबर वर, त्याला न टेकणाऱ्या वेगळ्या चौथऱ्यावर खुर्ची मांडली होती.

"मले काय करा लागन?"

"काही नाही. तासभर हलायचं नाही."

ते बसले, धरमकाट्यावर बसायचे तसे, हात गुडघ्यांवर ठेवून. तासानं मी त्यांना पडद्यापाशी आणलं. सरळ रेषेत बारीकसा खळगा पडला होता. "तुमच्या अंगच्या गुरुत्वाकर्षणानं तुम्ही खालच्या गोळ्याला वर ओढलंत, भाऊ. त्याचं वजन घटलं. हजार कोटींत एक भाग. या वेळी खरंच."

त्यांनी चष्मा सारखा केला. "मी नव्हतो तेव्हाचं पाह्यलं का?"

"आधीचा तास पाहिलाय."

"अन् नंतरचा?"

नंतरच्या तासासाठी ते बाहेरच्या खोलीत चहा घेत थांबले. रेषा वर येऊन पहिल्या पातळीला लागली, तेव्हा त्यांनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. सकाळपासून तो पिशवीत होता.

या वर्षी भाऊ गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्यांच्याविषयी दोन शब्द बोलायला मला उभं केलं. मी त्या दिवशीच्या रेषेचा छापलेला आलेख तेवढा वहिनींच्या हातात दिला. त्यांनी विचारलं, "ह्याच्यात ते कुठी हाय?"

मी खळग्यावर बोट ठेवलं. "इथं. एक तास बसले होते."

वहिनींनी त्याच्या अलीकडच्या सपाट रेषेवरून बोट फिरवलं. "अन् हे?"

"ते नसतानाचं. आधी तेच पाहिलं."

"मंग बरोबर हाय," डोळे पुसत वहिनी म्हणाल्या. "त्याबिगर ते बसलेच नसते."