माधवदादा कॉम्प्युटर शिकवत नव्हता

आज दुपारी मी श्राद्धाच्या पानावर बसून खोटं बोललो.

माधवदादाला जाऊन वर्ष झालं. कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत संपलं सगळं. आज बरकतपुऱ्यातल्या त्याच्या घरी वर्षश्राद्ध होतं. मी विशाखापट्टणमहून आलो, जनरलच्या डब्यात, दरवाज्यात बसून. तिथं मी सध्या एका हॉटेलात आहे, त्याआधी बोटीवर होतो, त्याआधी... ते जाऊ दे.

पंगतीत त्याचे मोठे काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगं हुशार होतं हो. पण गेममध्ये वाया गेलं."

वडे वाढणं चालू होतं.

मग माझ्याकडं वळले. "तू तर इथंच पडलेला असायचास. काय करायचा रे तो दिवसभर?"

मी म्हणालो, "कॉम्प्युटर शिकवायचा, काका."

आणि खीर ओरपली.

का बोललो असं? वीस माणसं बघत होती म्हणून. आणि इंटर, म्हणजे बारावी, नापास पोराच्या तोंडून गेमचं कौतुक कोण ऐकणार म्हणून.

तर आता लिहितो. लाइक नका करू, वाचा.

दादानं आयुष्यात कुणाला कॉम्प्युटर शिकवला नाही. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं गेम पार्लर होतं. चार कॉम्प्युटर, एक कूलर, आणि कूलरचं पाणी कीबोर्डवर उडू नये म्हणून काकूंच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, जुन्या साडीचा पडदा.

तेव्हा गल्लीत दर तिसऱ्या घरावर कॉम्प्युटर क्लासची पाटी होती. सगळ्यांना अमेरिकेला जायचं होतं. वडिलांनी त्याला पहिला कॉम्प्युटर त्यासाठीच घेऊन दिला. दादानं पाटी लावली, "इथे फक्त गेम." वडील आठ दिवस बोलले नाहीत.

पण हे ऐका.

नवा गेम आला की तो आधी स्वतः शेवटपर्यंत खेळायचा. मग हातानं कागद लिहून मॉनिटरशेजारी चिकटवायचा. वर "जमलंय", खाली "फसलंय". माझी शाळा अर्धी तेलुगू, अर्धी इंग्लिश. मराठी वाचायला मी त्या कागदांवर शिकलो.

गाड्यांच्या रेसचा गेम. जमलंय: रस्ता ओला असला की ब्रेक उशिरा लागतो, बनवणाऱ्यानं खरंच गाडी चालवलेली आहे. फसलंय: आपण पुढं गेलो की मागचे आपोआप जोरात येतात, मागं पडलो की वाट बघत थांबतात. ही रेस नाही, ही लाडीगोडी आहे.

शहर वसवायचा गेम. जमलंय: रस्ता चुकीच्या जागी टाकला हे फार उशिरा कळतं, अगदी खऱ्यासारखं. फसलंय: नळाला चोवीस तास पाणी. बनवणाऱ्यानं इथं एक उन्हाळा काढावा.

त्याचा नियम होता, तीनदा हरल्याशिवाय गेमबद्दल मत द्यायचं नाही. मी एकदा दहा मिनिटांत "बकवास आहे" म्हणालो.

"मियाँ, तुला खेळता येत नाही, हा गेमचा दोष नाही. बस खाली."

एकदा मला नामपल्लीच्या नुमाइशला, म्हणजे प्रदर्शनाच्या जत्रेला, घेऊन गेला. मला वाटलं पाळण्यात बसवेल. यानं अर्धा तास एका गेमच्या मशीनसमोर उभं केलं, लोक कुठं हरतात ते बघायला. माझी मिरची भजी थंड झाली.

मग तो बंदुकीचा गेम आला. सगळ्या पार्लरमध्ये तोच, पोट्टे रांगा लावायचे. दादा चार दिवस खेळला. "जमलंय"खाली दहा ओळी लिहिल्या. पावलांचा आवाज, अंधारातल्या भिंती, सगळं मनापासून. "फसलंय"खाली एकच ओळ.

"मरणारा प्रत्येक माणूस एकाच दाढीचा."

आणि गेम चारही कॉम्प्युटरवरून काढून टाकला.

त्याचा शाळेपासूनचा दोस्त इरफानच चिडला. "छोड यार, गेमीच तो है. मैं खुद खेलतूं."

दादा म्हणाला, "तू खेल, बाजूवाले के पास. मेरे घर में बैठके तेरे अब्बा की शकल के लोगां को नक्को मार."

अर्धं गिऱ्हाईक समोरच्या पार्लरला गेलं. दादानं तो गेम परत लावला नाही.

काका, याला वाया जाणं म्हणतात?

तुमचा मुलगा मोठ्या कंपनीत आहे. त्यानंच मला सांगितलं, प्रॉडक्टमध्ये चूक दिसली तरी मीटिंगमध्ये "व्हेरी नाइस" म्हणावं लागतं. माधवदादाला कुणी पगार देत नव्हतं, विचारतही नव्हतं. तरी त्यानं एकदाही "व्हेरी नाइस" लिहिलं नाही. आज याच शहरात कंपन्या गेम तपासायला माणसं ठेवतात, गळ्यात कार्ड घालून. त्यांना कुणी वाया गेलेले म्हणत नाही.

निघताना काकू दारापर्यंत आल्या. डबा हातात दिला.

मग हळूच म्हणाल्या, "तू तरी खरं सांगायचंस की रे. मी बोलले तर आई आहे म्हणून बोलते, म्हणतात."

मी चपला घालत राहिलो.

काकूंना गेममधलं काही कळायचं नाही. पण नवा कागद लागला की चष्मा लावून वाचायच्या. एकदा मी समोरच होतो. म्हणाल्या, "एवढे दोष लिहिलेस, बनवणाऱ्याला काय वाटेल?"

दादा म्हणाला, "वाचलं तर बरंच वाटेल गं. कुणीतरी शेवटपर्यंत खेळलं, म्हणून."

असा मुलगा होता. आणि मी त्याच्या आईसमोर त्याला क्लासवाला करून टाकला.

माझी परतीची गाडी उद्याची आहे. काका अजून दोन दिवस तिथंच आहेत. सकाळी जाणार, त्यांच्यासमोर बसणार, काकूंनाही बाहेर बोलावणार, आणि हे सगळं तोंडानं सांगणार. हाकललं तर हाकललं.

दादा, आज दुपारच्याबद्दल माफ कर.

तुझ्या जुन्या गिऱ्हाइकाचा नमस्कार.